मडक्यात ठेवलेले कागद

शास्त्रवाचन : यिर्मया ३२:६-१५ आणि यिर्मया ३६



जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या मंडळीत दोन गोष्टी घडल्या. दिसायला त्या वेगळ्या आहेत, पण आम्हांला त्या एकच वाटतात. म्हणून हा लेख नेहमीपेक्षा थोडा कडक झाला आहे. कोणाचे मन दुखावले तर क्षमा असावी, पण मुद्दा मात्र आम्ही मागे घेणार नाही.

पहिली गोष्ट. २७ जानेवारी हा दिवस जगभर यहूदी लोकांच्या संहाराचा स्मरणदिन म्हणून पाळतात. १९४५ साली याच दिवशी आउशवित्झची छळछावणी मुक्त झाली. आम्ही तरुण संघाच्या सभेत त्यावर पंधरा मिनिटे बोललो आणि प्रार्थना केली. सभा संपल्यावर एका भावाने विचारले, "पोलंडमधल्या यहुद्यांनी कुठले कागद पुरून ठेवले, याच्याशी आपल्या सुरतच्या मराठी मंडळीचा काय संबंध?" दुसरा म्हणाला, "काही म्हणा, हिटलर शिस्तीचा माणूस होता." दोघेही उपासना न चुकवणारे आहेत.

दुसरी गोष्ट. लेंट सुरू होण्याआधी ऑफिसची साफसफाई निघाली आणि माळ्यावरची लोखंडी पेटी खाली आली. आत बाप्तिस्म्याची आणि दफनाची जुनी रजिस्टरे, काही पत्रे, संडे स्कूलचे फोटो आणि दानाच्या हिशेबाची एक वही निघाली. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचा पूर शहरात शिरला तेव्हा खालच्या कपाटातले सगळे कागद चिखलात गेले. ही पेटी माळ्यावर होती म्हणून वाचली. कमिटीतल्या एका वडीलधाऱ्यांनी ती पाहून सांगितले, "आता सगळे कम्प्युटरवर असते. रद्दीवाल्याला द्या आणि येतील ते पैसे दानपेटीत टाका." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पेटी अजून आहे. तिचे काय करायचे हे पुढच्या मीटिंगमध्ये ठरणार आहे. त्या मीटिंगला बसणाऱ्या प्रत्येकाने हा लेख वाचावा, अशी आमची विनंती आहे.

आधी त्या पुरलेल्या कागदांची गोष्ट सांगतो.

१९४० च्या नोव्हेंबरात जर्मन सैन्याच्या ताब्यातल्या वॉर्सा शहरात यहूदी वस्तीभोवती भिंत घालून ती बंद करण्यात आली. आत चार लाखांहून अधिक माणसे कोंडलेली होती. त्यांच्यात इमॅन्युएल रिंगेलब्लुम नावाचे इतिहासाचे अभ्यासक होते. त्यांनी शिक्षक, लेखक, रब्बी, समाजसेवक अशी काही डझन माणसे गुपचूप जमवली. ही मंडळी शनिवारी भेटत, म्हणून त्यांनी आपल्या गटाला 'ओनेग शब्बात', म्हणजे शब्बाथाचा आनंद, असे नाव दिले. त्यांचे काम एकच होते. जे घडते आहे ते लिहून ठेवायचे, आणि जे हाताला लागेल ते जपायचे. रोजनिशा, मुलांचे शाळेतले निबंध, रेशनची कार्डे, ट्रामची तिकिटे, भिंतीवरच्या जर्मन नोटिसा, नाटकाच्या जाहिराती, चॉकलेटचे कागदसुद्धा. बाहेर माणसे भुकेने रस्त्यावर मरत होती आणि ही मंडळी चॉकलेटचा कागद जपत होती. आमच्या कमिटीत हा विषय निघाला असता तर कोणीतरी नक्की म्हणाले असते, "हे काय चालवले आहे? आधी लोकांच्या पोटाचे बघा." त्यांनी पोटाचेही बघितले. रिंगेलब्लुम स्वतः मदतकार्यात होते. पण मारणाऱ्यांना केवळ माणसे मारायची नाहीत, ती माणसे कधी होती याची खूणही ठेवायची नाही, हे त्यांना कळून चुकले होते.

१९४२ च्या जुलैमध्ये ट्रेब्लिंकाकडे गाड्या सुटू लागल्या. दोन महिन्यांत त्या वस्तीतली अडीच लाखांहून अधिक माणसे नेली गेली. ऑगस्टच्या सुरुवातीला नोवोलिप्की रस्त्यावरच्या एका शाळेच्या तळघरात पत्र्याच्या दहा पेट्या पुरण्यात आल्या. पुरणाऱ्यांत एक शिक्षक आणि त्यांचे दोन कोवळे विद्यार्थी होते. १९४३ च्या फेब्रुवारीत आणखी कागद दुधाच्या दोन मोठ्या कॅनमध्ये घालून पुरले. तिसरा साठा वेगळ्या जागी लपवला. १९४४ च्या मार्चमध्ये रिंगेलब्लुम ज्या तळघरात लपले होते ते पकडले गेले आणि ते, त्यांची पत्नी आणि मुलगा मारले गेले. त्या संपूर्ण गटातले अवघे तीन जण युद्धातून वाचले.

युद्ध संपले तेव्हा ती वस्ती म्हणजे विटांचा ढीग होता. वाचलेल्यांपैकी एकाच्या सांगण्यावरून १९४६ च्या सप्टेंबरात खोदकाम करून पत्र्याच्या पेट्या काढल्या. त्यांना झाळ नीट लावलेली नव्हती. आत पाणी शिरले होते, कागद भिजून एकमेकांना चिकटले होते आणि त्यांवर बुरशी आली होती. १९५० च्या डिसेंबरात दुधाचे कॅन सापडले आणि त्यातले कागद पुष्कळ चांगल्या स्थितीत होते. तिसरा साठा आजवर मिळालेला नाही. जे मिळाले ते सुमारे ३५,००० पाने भरते. वॉर्सातल्या यहूदी इतिहास संस्थेत ते आहे, आणि १९९९ साली युनेस्कोने जगाच्या स्मृतीच्या यादीत त्याची नोंद केली.

आता पवित्र शास्त्र उघडा. यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला आहे. शहर पडणार हे यिर्मया स्वतःच सांगतो आहे आणि त्यासाठी पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल अनाथोथ येथले शेत विकायला येतो. शत्रूच्या ताब्यात जाणारी जमीन कोण घेईल? यिर्मया घेतो. सतरा शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखत लिहितो. मग बारूखाला सांगतो की मोहोरबंद खत आणि उघडे खत, दोन्ही मातीच्या मडक्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. लक्षात घ्या, परमेश्वराने आपल्या संदेष्ट्याला वेढ्याच्या ऐन धामधुमीत कागद जपायला सांगितले, आणि कसे जपायचे तेही सांगितले.  दोन प्रती केल्या. शास्त्राला ही बारीकसारीक गोष्ट क्षुल्लक वाटली नाही. मग आम्हांला ती क्षुल्लक का वाटावी?

आणि छत्तिसावा अध्याय. यिर्मयाचे शब्द लिहिलेली गुंडाळी यहोयाकीम राजासमोर वाचली जाते. तीनचार स्तंभ वाचून झाले की राजा चाकूने तेवढा भाग कापतो आणि शेगडीत टाकतो. संपूर्ण गुंडाळी जळते. मग परमेश्वर काय करतो? दुसरी गुंडाळी लिहायला लावतो, आणि तिच्यात आणखी भर घालतो. कागद जाळणारा राजा आणि कागद पुन्हा लिहिणारा बारूख, या दोघांपैकी आपण कोणाच्या रांगेत उभे आहोत, हे प्रत्येक मंडळीने स्वतःला विचारावे.

"आपला काय संबंध?" या प्रश्नाकडे वळू.

सुरतेत राहून हा प्रश्न विचारणे विशेष आहे. अठराव्या शतकात अलेप्पो, बगदाद आणि बसऱ्याहून आलेल्या यहूदी व्यापाऱ्यांची वस्ती याच शहरात होती. त्यांचे प्रार्थनास्थळ होते, दफनभूमी होती. अलेप्पोचे शालोम कोहेन आधी इथे आले आणि १७९८ साली कलकत्त्याला जाऊन तिथल्या यहूदी समाजाचा पाया घातला. मुंबई वाढली, सुरतेचा व्यापार ओसरला, आणि ती माणसे गेली. आज सुरतेतला जुना इतिहास पाहायला पाहुणे येतात तेव्हा आपण त्यांना इंग्रज आणि डच कबरस्तानात नेतो. १६६९ साली वारलेल्या जॉर्ज ऑक्झेंडनची घुमटाची कबर दाखवतो. १६९१ साली वारलेल्या व्हान रीडची दाखवतो. त्या कबरी सरकारी पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीत आहेत आणि असाव्यातच. पण आपल्या तारणाऱ्याच्या जातीची माणसेही याच मातीत झोपली आहेत, हे आमच्यापैकी किती जणांच्या कानावर कधी आले होते? आम्हीही ते चाळिशी उलटल्यावर वाचले.

यहूदी म्हणजे कोणी परके, अशी कल्पना मराठी माणसाने तरी करू नये. कोकणातले बेने इस्राएल मराठीच बोलत आले. तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांची आडनावे नवगावकर, पेणकर, रोहेकर. त्यांच्यातले हैम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला, आणि तो छापून निघाला १९३७ मध्ये, तेल अवीवला. चाळीस वर्षे ते हस्तलिखित कोणीतरी वाळवी आणि पावसापासून सांभाळले. कोणी तरी रद्दीत दिले असते तर? आपल्या गुजरातमध्ये अहमदाबादचे मागेन अब्राहम हे १९३४ चे सिनेगॉग आजही उभे आहे, आणि ते याच बेने इस्राएल मंडळींचे आहे.

छळाची झळही आपल्या दारापर्यंत आली होती. १९३३ नंतर जर्मनीतून आणि पुढे ऑस्ट्रियातून पळालेले यहूदी डॉक्टर, चित्रकार, संगीतकार मुंबईला उतरले. त्यांच्या मदतीसाठी १९३४ मध्ये मुंबईत यहूदी मदत संस्था निघाली. आकाशवाणीची ती पहाटेची धून ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते वॉल्टर काउफमान यांपैकीच एक. घरातल्या मोठ्या माणसांना ती धून विचारा, गुणगुणून दाखवतील. पण ती देणारा माणूस हिटलरमुळे घर सोडून आला होता, हे त्यांना ठाऊक नसेल. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने जर्मन पासपोर्टवाल्या सगळ्यांना शत्रू ठरवले, आणि हिटलरपासून पळालेल्या यहुद्यांनाही नाझी जर्मनांच्या बरोबरीने छावण्यांत घातले. अहमदनगर, देवळाली, पुरंदर, सातारा. ही नावे आपण एस. टी. बसच्या पाटीवर वाचत आलो आहोत.

१९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती, आणि बहुतेक कॅथलिक ख्रिस्ती. इकडे सौराष्ट्रात बालाचडी येथे नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी शेकडो पोलिश मुलांना आसरा दिला. त्याच निर्वासितांच्या लोंढ्यातली सातशेहून अधिक यहूदी मुले, बहुतेक पोरकी, १९४३ च्या जानेवारीत इराणहून जहाजाने कराचीला आली आणि तिथून सुएझमार्गे फेब्रुवारीत पॅलेस्टाइनला पोहोचली. कराची तेव्हा हिंदुस्थानातच होती, आणि तिथेही मराठी बोलणारे बेने इस्राएल राहत होते. वळिवड्याची माणसे पुढे जगभर पांगली, पण त्यांनी फोटो, पत्रे, शाळेच्या वह्या जपल्या आणि आठवणींचे पुस्तक काढले. म्हणून आज कोल्हापुरात त्यांचे स्मारक आहे आणि वॉर्सात कोल्हापूरचे स्मारक आहे. हे सगळे आपोआप झाले नाही. कोणी तरी पेटी टाकून दिली नाही, म्हणून झाले.

आता "हिटलर शिस्तीचा माणूस" याविषयी. या भावाला आम्ही एकट्याला दोष देत नाही. २००६ मध्ये नवी मुंबईत हिटलरच्या नावाचे हॉटेल निघाले होते, आणि २०१२ मध्ये अहमदाबादेत त्याच्या नावाचे कपड्यांचे दुकान. ओरड झाल्यावर दोन्ही नावे बदलली. त्याचे पुस्तक आपल्याकडे फुटपाथवर यशाच्या गुरुकिल्लीच्या पुस्तकांशेजारी मांडलेले असते. ज्याच्या डोळ्यांसमोर पुरावा नाही त्याला शिस्त तेवढी दिसते. रेल्वेच्या वेळापत्रकात शिस्त होतीच. त्या गाड्या कुठे जात होत्या हे त्या दुधाच्या कॅनमधल्या कागदांनी सांगितले. पुरावा जपला नाही तर पुढच्या पिढीला मारणारा शिस्तीचा वाटतो आणि मेलेला आकडा होतो. साठ लाख हा आकडा कोणालाही रडवत नाही. एका मुलीचा निबंध रडवतो.

यापुढचे लिहायला आम्हांला जड जाते, पण लिहिलेच पाहिजे. या छळात ख्रिस्ती मंडळीचे स्वतःचे रजिस्टरही होते.

नाझी राजवटीत नोकरी टिकवायला, लग्न करायला, आपण 'आर्य' असल्याचा दाखला लागे. तो कुठून मिळायचा? आजीआजोबांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीतून. गावोगावच्या चर्चच्या ऑफिसात पाळक आणि कारकून बसून ते दाखले लिहून देत होते. बर्लिनमध्ये १९३६ साली चर्चनेच जुन्या रजिस्टरांची एक कचेरी उघडली. कार्ल थेमेल नावाच्या पाळकाने तिथे कार्डे तयार करवली आणि ज्यांचे वाडवडील यहूदी असून बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले होते, त्यांची नावे शोधून सरकारला कळवली. बंधु-भगिनींनो, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पाणी घातल्याची जी नोंद, तीच माणसाला मरणाकडे पाठवायला वापरली गेली. आणि ती वापरणाऱ्याच्या गळ्यात पाळकाची पांढरी पट्टी होती.

त्याच युद्धात दुसरेही घडले. ताब्यात घेतलेल्या पोलंडमध्ये काही धर्मगुरूंनी आणि मठातल्या भगिनींनी यहूदी मुलांना बाप्तिस्म्याचे खोटे दाखले करून दिले आणि लपवले. इरेना सेंडलर यांनी वाचवलेल्या मुलांची खरी नावे चिठ्ठ्यांवर लिहून काचेच्या बरणीत पुरली, की उद्या कोणाची आई जिवंत परतली तर तिचे लेकरू तिला मिळावे. हॉलंडमध्ये २७ मार्च १९४३ च्या रात्री काही कलावंतांनी आणि विद्यार्थ्यांनी ॲम्स्टरडॅमच्या नोंदणी कचेरीला आग लावली, कारण त्या कार्डांवरून यहुद्यांची घरे शोधली जात होती. त्यांतल्या बारा जणांना गोळ्या घातल्या गेल्या. हॉलंडमधल्या सुमारे १,४०,००० यहुद्यांपैकी एक लाखाहून अधिक मारले गेले.

म्हणजे नोंदवही ही निर्जीव वस्तू नाही. कोणी तिने मारले, कोणी तिने वाचवले, आणि कोणी ती दयेपोटी जाळलीसुद्धा. म्हणून आमचे म्हणणे नुसते "कागद जपा" एवढेच नाही. जपा, आणि ते कोणाच्या हाती देता याची राखण करा. कोणी गोड बोलून मंडळीच्या घरांची यादी मागितली तर कशासाठी, कोणाच्या सहीने, हे विचारा. रद्दीवाल्याच्या गाडीवर गेलेले रजिस्टर कोणाच्या हाती जाईल, हे आपल्यापैकी कोण सांगू शकेल?

काही जण म्हणतात, भारतात तरी यहुद्यांचा छळ कधी झाला नाही, तेव्हा आपले हात स्वच्छ आहेत. बहुतांशी खरे आहे, आणि त्याचे श्रेय आपल्या शेजाऱ्यांना आहे. पण ख्रिस्ती माणसाने हे वाक्य जपून बोलावे. गोव्यात पोर्तुगीजांनी १५६० मध्ये इन्क्विझिशन आणली. तिचे पहिले सावज होते यहूदी घराण्यांतून ख्रिस्ती झालेले लोक. ज्यांच्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथाने हिंदुस्थानची झाडपाल्याची विद्या युरोपात नेली, ते गार्सिया द ऑर्ता १५६८ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या बहिणीला जिवंत जाळले, आणि १५८० मध्ये त्यांची स्वतःची हाडे उकरून जाळली. १८१२ मध्ये ती संस्था बंद झाली तेव्हा तिचे बहुतेक कागदही नष्ट करण्यात आले. यहोयाकीमाची शेगडी पुन्हा पेटली, आणि या वेळी ती क्रूसाखाली पेटली होती. पुष्कळशा माणसांची नावे त्यामुळे आपल्याला कधीच कळणार नाहीत. ज्यांना लाज वाटायला हवी होती त्यांनीच पुरावा जाळला, हे विसरू नका.

"पण प्रभूने क्षमा करायला सांगितले आहे. जुने उकरून काय मिळवायचे?" हा प्रश्न आमच्या पाळकसाहेबांच्या समोरही आला. आमचे उत्तर असे. क्षमा करण्याचा अधिकार ज्याचे नुकसान झाले त्याचा. वॉर्साच्या मुलाच्या वतीने सुरतेतला माणूस क्षमा करू शकत नाही. तो फक्त विसरू शकतो, आणि विसरण्याला क्षमा हे नाव देऊ शकतो. हाबेलाचे रक्त जमिनीतून हाक मारते असे उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात आहे. परमेश्वराने काईनाला "झाले गेले विसरून जा" असे म्हटले नाही, "तुझा भाऊ कोठे आहे?" असे विचारले. १९४५ च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या चर्चच्या पुढाऱ्यांनी स्टुटगार्टला एकत्र येऊन आपल्या दोषाची कबुली दिली. धाडसाचे काम होते. पण त्या कबुलीत यहूद्यांचे नावसुद्धा नव्हते. नाव न घेता मागितलेली माफी किती अपुरी असते, हे पाहायचे असेल तर ती कबुली पाहावी. पश्चात्तापाला नाव लागते, तारीख लागते, काय केले ते लागते. आणि ते सगळे कागदावर राहते.

"आज इस्राएल देश काय करतो आहे ते बघा," असेही कोणी म्हणतात. बघतो आणि दुःख करतो, आणि गाझातल्या लेकरांसाठीही आम्ही त्याच गुडघ्यांवर प्रार्थना करतो. मेलेल्यांची आठवण ठेवणे म्हणजे आजच्या कुठल्याही सरकारला मत देणे नव्हे. एका आईचे दुःख लिहून ठेवले म्हणून दुसऱ्या आईचे खोडावे लागत नाही. उलट ज्याला एक खोडायची सवय लागते तो दुसरेही सहज खोडतो.

आणि शेवटचा आक्षेप, जो आम्हांला सर्वांत जवळचा आहे. "आपल्याच लोकांनी थोडे सोसले का? त्याचे कोण लिहितो?" अगदी बरोबर. मग ते लिहिलेले जिथे आहे तीच पेटी तुम्ही रद्दीत का देता? छपन्नच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, गुजरातेत आणि खानदेशात गावेच्या गावे ओस पडली. मिशनच्या अनाथालयांत आलेल्या मुलांना ना गाव आठवत होते, ना आडनाव. आपल्यापैकी कितीतरी घराणी त्या मुलांपासून सुरू होतात. त्यांचे नाव, अंदाजे वय, कोणी आणून सोडले, ही एक ओळ कुठे असते? अशाच जुन्या रजिस्टरांत. गावकुसाबाहेर ज्यांना नावाने हाक मारली जात नव्हती, त्यांचे नाव पहिल्यांदा शाईने लिहिले गेले ते बाप्तिस्म्याच्या वहीत. ती वही किलोच्या भावाने विकणारी मंडळी उद्या आपल्या छळाविषयी कोणत्या तोंडाने बोलणार? जो दुसऱ्याचे दुःख "आपला काय संबंध" म्हणून सोडतो, तो आपल्याही आजीचे नाव रद्दीवाल्याला देतो, हे आमच्या मंडळीत एकाच आठवड्यात दिसले. म्हणून आम्ही वर म्हटले की दोन्ही गोष्टी एकच आहेत.

आता करायचे काय? आम्ही कमिटीपुढे ठेवत आहोत ते साधे आहे.

पेटी विकू नये. रजिस्टरे कोरडी करून, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून न ठेवता, धुतलेल्या सुती कापडात बांधावीत. आपल्या आजोळी पोथी बासनात बांधून ठेवत, तशीच. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर अजिबात करू नये. त्याने कागद कायमचा जातो. फोटोच्या मागे पेनाने नव्हे, शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नाव, वर्ष, ठिकाण लिहावे, आणि हे काम म्हातारी माणसे आहेत तोवर करावे. प्रत्येक पानाचा चांगला फोटो काढून प्रत दुसऱ्या शहरात ठेवावी, कारण वॉर्साच्या मंडळींनी साठा तीन भागांत लपवला म्हणून दोन हाती लागले. पण फोटो काढला म्हणून मूळ टाकू नये. यिर्मयाने दोन्ही खते मडक्यात ठेवली होती. पेटी माळ्यावरच असावी, २००६ चे पाणी जिथवर आले होते त्याच्या पुष्कळ वर. आणि ती कोणी उघडली, कशासाठी, याची वही असावी.

तरुण संघाला आमचे आणखी एक सांगणे आहे. पुढच्या वर्षी २७ जानेवारीला पंधरा मिनिटे नकोत, पूर्ण सभा द्या. अहमदाबादच्या सिनेगॉगमधल्या मंडळींना आदराने पत्र लिहा आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांचे मराठी बोलणे ऐका. आपण त्यांना शिकवायला जायचे नाही, ऐकायला जायचे. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात पौलाने आपल्याला रानटी जैतुनाची फांदी म्हटले आहे. मूळ आपण धरलेले नाही, मुळाने आपल्याला धरले आहे. फांदीने मुळाची चौकशी करावी, एवढे तरी शोभेल.

यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायात परमेश्वर ज्यांना मागे कोणी नाही त्यांना आपल्या घरात स्मारक आणि कधी न पुसणारे नाव देण्याचे वचन देतो. यरुशलेमच्या स्मृतिस्थळाचे नाव, याद वाशेम, तिथूनच घेतले आहे. नाव देणे हे देवाने आपले काम मानले आहे. ते पुसण्यात आपला हात नसावा.

मीटिंग रविवारी उपासनेनंतर आहे. ज्यांच्या घरी आजीच्या ट्रंकेत जुनी पत्रे, दाखले, फोटो आहेत त्यांनी ते घेऊन यावेत. चहा आमच्याकडून.

प्रार्थना : हे प्रभू, तू यहूदी आईच्या पोटी जन्मलास आणि तुझेही नाव एका परक्या राजाच्या नोंदणीत लिहिले गेले. ज्यांना नाव घेऊन मारले आणि ज्यांचे नाव मारून पुसले, त्या सर्वांना तू ओळखतोस. आमच्या पूर्वजांनी आणि आम्ही जे जाळले, विकले, विसरलो त्याची आम्हांला लाज दे. आमचे हात कोरडे आणि काळजीवाहू कर. आणि ही पेटी आमच्या हातून जाऊ देऊ नकोस. आमेन.